कोड चालवण्याआधीची तपासणी

प्रोग्राम न चालवता, त्याचा नुसता मजकूर वाचून त्यातले दोष शोधण्याच्या पद्धतीला स्टॅटिक ॲनालिसिस म्हणतात. टेस्टिंगमध्ये प्रोग्राम चालवतात, त्याला निवडक माहिती पुरवतात आणि अपेक्षित उत्तर येते का ते पाहतात. त्या निवडीबाहेरची माहिती आली तर काय होईल, हे टेस्ट सांगू शकत नाही. स्टॅटिक ॲनालिसिस करणारे टूल मात्र कोडमधल्या सगळ्या वाटांचा एकदम विचार करते. ज्या वाटेने आजवर एकही वापरकर्ता गेलेला नाही, तिचाही. म्हणून या दोन्ही पद्धती लागतात, आणि एकीचे काम दुसरीकडून होत नाही.

वेब ॲप्लिकेशनला अशा तपासणीची गरज जास्त भासते, याचे कारण त्याच्या घडणीत आहे. बँकेच्या आतल्या संगणकावर चालणारा जुना प्रोग्राम वापरणारी माणसे मोजकी आणि ओळखीची असत. वेब ॲप्लिकेशन साऱ्या जगासाठी उघडे असते आणि त्याच्या प्रत्येक रकान्यात कोणीही काहीही टाइप करू शकते. शिवाय एकाच पानामागे अनेक भाषा राबत असतात: दिसणारा भाग एचटीएमएलमध्ये, हालचाल जावास्क्रिप्टमध्ये, सर्व्हरवरचे काम पीएचपी, जावा किंवा पायथनमध्ये आणि डेटाबेसशी बोलणे एसक्यूएलमध्ये. एका भाषेत साधा मजकूर असलेली गोष्ट दुसऱ्या भाषेत आज्ञा ठरते. वेबवरचे बहुतेक गंभीर दोष याच सांध्यांवर जन्मतात.

हैदराबादने वेब सेवांचा हा पसारा फार लवकर पाहिला. १९९८ च्या नोव्हेंबरात हायटेक सिटीतल्या सायबर टॉवर्सचे उद्घाटन झाले. मायक्रोसॉफ्टचे विकास केंद्र आणि आयआयआयटी हैदराबाद ही दोन्ही त्याच वर्षी सुरू झाली. १९९९ च्या डिसेंबरात हैदराबाद आणि सिकंदराबाद या जुळ्या शहरांसाठी ‘ट्विन्स’ नावाचा प्रकल्प आला. वेगवेगळ्या खात्यांची बिले आणि दाखले एकाच खिडकीवर मिळावेत ही त्यामागची कल्पना. २००१ च्या ऑगस्टमध्ये तिचे रूप ‘ईसेवा’ झाले आणि २०११ पासून ‘मीसेवा’. वीजबिल, पाणीपट्टी, मालमत्ता कर, जन्ममृत्यूचे दाखले अशा अनेक खात्यांची माहिती अशा सेवेत एकत्र येते. असे ॲप्लिकेशन कोणी एकाने लिहून संपवलेले नसते. ते वर्षानुवर्षे चालते, लिहिणारे बदलतात, नवी खाती जोडली जातात, आणि आज कोड बदलणाऱ्याने मूळ कोड लिहिणाऱ्याला कधी पाहिलेलेही नसते. कोडची गुणवत्ता हा प्रश्न खऱ्या अर्थाने इथे उभा राहतो.

टूल कोड वाचते म्हणजे काय करते? आधी ते मजकुराचे शब्द सुटे करते आणि त्या भाषेच्या व्याकरणानुसार त्यांची झाडासारखी रचना उभी करते. कोणते फंक्शन कुठे सुरू होते, कोणती अट कोणत्या अटीच्या पोटात आहे, कोणते व्हेरिएबल कुठे जाहीर झाले, हे त्या झाडात स्पष्ट दिसते. मग नियम लावले जातात. तुलना करायच्या जागी चुकून किंमत भरली आहे का, जाहीर केलेले व्हेरिएबल कुठेच वापरलेले नाही का, एखादी ओळ कधीच गाठता येणार नाही अशा जागी आहे का? बेल लॅब्जमधल्या स्टीफन जॉन्सन यांनी १९७८ मध्ये सी भाषेसाठी सादर केलेले ‘लिंट’ हे या घराण्याचे मूळ टूल. जावास्क्रिप्टसाठी डग्लस क्रॉकफर्ड यांचे ‘जेएसलिंट’ २००२ मध्ये आले आणि निकोलस झकास यांनी २०१३ मध्ये सुरू केलेले ‘ईएसलिंट’ आज सर्वत्र वापरले जाते. जेएसलिंटमधले नियम त्याच्या कर्त्याच्या मतांना धरून होते. ईएसलिंटने नियम सुटे केले आणि कोणते लावायचे हे प्रत्येक टीमवर सोडले, शिवाय स्वतःचे नियम लिहिण्याची सोय दिली. त्याच्या प्रसारामागे हे मोठे कारण आहे.

या पातळीवरची तपासणी वरवरची वाटते, पण ती चुकवण्याची किंमत फार मोठी असू शकते. २०१४ च्या फेब्रुवारीत ॲपलच्या सुरक्षित जोडणीच्या कोडमध्ये एक दोष उघड झाला. ‘गोटू फेल’ ही ओळ चुकून लागोपाठ दोनदा लिहिली गेली होती. पहिली ओळ अटीच्या ताब्यात होती, दुसरी कुठल्याच अटीखाली नव्हती. त्यामुळे पुढची स्वाक्षरीची पडताळणी कधीच होत नव्हती आणि बनावट सर्व्हरलाही खरा मानले जात होते. दुसऱ्या ओळीनंतरचा कोड गाठताच येत नाही, हे सांगायला साधा नियम पुरला असता.

बहुभाषिक वेबसाइट बनवणाऱ्यांच्या उपयोगाचा एक नियम इथे मुद्दाम सांगण्याजोगा आहे, कारण तो फारसा कोणाच्या लक्षात येत नाही. तेलुगू आणि उर्दू या तेलंगणाच्या राजभाषा आहेत, आणि हैदराबादेत मराठी, हिंदी, कन्नड बोलणारी कुटुंबेही पिढ्यानपिढ्या राहतात. नावाच्या रकान्यात कोणती अक्षरे चालतील हे ठरवताना प्रोग्रामर चौकटी कंसात अक्षरांची यादी देतो. ‘की’ हे वाचणाऱ्याला एक अक्षर दिसत असले, तरी युनिकोडमध्ये ‘क’ आणि दीर्घ वेलांटी अशी ती दोन चिन्हे आहेत. चौकटी कंसात ‘की’ लिहिले, तर संगणक ‘क किंवा वेलांटी’ असा अर्थ घेतो. इंग्रजी नावांवर घेतलेल्या टेस्टमध्ये ही चूक कधीच दिसणार नाही. ईएसलिंटमध्ये २०१८ पासून असलेला एक नियम नेमका हाच प्रकार पकडतो. पानावरचा मजकूर भाषांतराच्या फायलीत न ठेवता थेट कोडमध्ये लिहिला असेल, तर तो दाखवणारेही नियम आहेत. ज्या साइटची उर्दू आवृत्ती मागाहून निघायची आहे, तिथे हा नियम पहिल्या दिवसापासून लावला तर पुढचे कित्येक महिन्यांचे काम वाचते.

व्याकरणाच्या वर प्रकारांची, म्हणजे टाइपची तपासणी येते. जावास्क्रिप्टमध्ये एकच व्हेरिएबल आता आकडा आणि पुढच्या ओळीत मजकूर असू शकते. रक्कम बेरजेऐवजी शेजारीशेजारी जोडली गेली आणि १०० अधिक ५० चे १००५० झाले, हा त्यातूनच येणारा प्रकार. मायक्रोसॉफ्टने २०१२ च्या ऑक्टोबरात टाइपस्क्रिप्ट प्रसिद्ध केले. त्यात प्रत्येक गोष्टीचा प्रकार आधी सांगता येतो आणि विसंगती लिहितानाच कळते. २०१६ च्या दुसऱ्या आवृत्तीपासून ‘इथे किंमतच नसेल तर काय?’ हा प्रश्नही ते विचारू लागले. याचा फायदा मोजण्याचा प्रयत्न २०१७ मध्ये झाला. गाओ, बर्ड आणि बार या संशोधकांनी जावास्क्रिप्टच्या खुल्या प्रकल्पांतले, जाहीर होऊन दुरुस्त झालेले बग घेतले आणि कोडला प्रकार जोडून पाहिले. टाइपस्क्रिप्ट किंवा तेच काम करणारे ‘फ्लो’ हे टूल वापरले असते तर त्यातले सुमारे १५ टक्के बग आधीच पकडले गेले असते, असे त्यांना आढळले. हे बग टेस्ट आणि परीक्षण या दोन्हींतून निसटलेले होते, हे लक्षात घेतले म्हणजे १५ टक्के हा आकडा लहान राहत नाही. पीएचपीसाठी ‘पीएचपीस्टॅन’ आणि ‘साम’, पायथनसाठी ‘मायपाय’ हेच काम करतात.

सर्वांत खोल पातळी आहे डेटा फ्लोची. माहिती कुठून निघाली, कोणत्या फंक्शनमधून गेली, कुठे पोहोचली, याचा माग इथे काढला जातो. एक काल्पनिक बिल सेवा घेऊ. पानावर ग्राहक क्रमांक विचारला जातो. सर्व्हरवरचे पहिले फंक्शन तो क्रमांक घेते. दुसरे त्याच्या मागेपुढे असलेल्या मोकळ्या जागा काढते. तिसरे, दुसऱ्याच फायलीत असलेले, तो एसक्यूएलच्या वाक्याला जोडते: बिलांच्या तक्त्यातून अशा ओळी दे, जिथे ग्राहक क्रमांक अमुक आहे. चौथे ते वाक्य डेटाबेसकडे पाठवते. प्रत्येक फंक्शन सुटे वाचले तर कुठेच काही वावगे दिसत नाही. पण कोणी क्रमांकाच्या पुढे ‘किंवा १ = १’ या अर्थाची एसक्यूएलची अट टाइप केली, तर वाक्याचा अर्थच बदलतो. १ नेहमीच १ असतो, म्हणून प्रत्येक ओळ अटीत बसते आणि साऱ्या शहराची बिले एका माणसासमोर उघडी पडतात. हे एसक्यूएल इंजेक्शन. १९९८ मध्ये त्याचे पहिले जाहीर वर्णन झाले, त्यावरचा उपायही सर्वांना ठाऊक आहे, आणि तरी ते अजून नव्या कोडमध्ये सापडते.

टेंट ॲनालिसिस हा दोष असा शोधते. बाहेरून आलेल्या प्रत्येक माहितीवर टूल ‘दूषित’ अशी खूण करते. ती माहिती दुसऱ्या व्हेरिएबलमध्ये गेली की खूणही तिच्याबरोबर जाते. मजकुराला जोडली तर जोडलेला सगळा मजकूर दूषित होतो. मोकळ्या जागा काढल्याने खूण पुसत नाही. आलेला मजकूर निव्वळ आकड्यांचाच आहे असे पाहून उरलेले सारे नाकारले, तर ती पुसते. वाक्याचा सांगाडा आधी डेटाबेसला देऊन क्रमांक वेगळा पाठवला, म्हणजे पॅरामीटराइज्ड क्वेरी वापरली, तर दूषित माहिती आज्ञेच्या जागी पोहोचतच नाही. खूण पुसली न जाता माहिती आज्ञेच्या जागी पोहोचली, की टूल इशारा देते आणि चारही फंक्शनमधून गेलेली वाट क्रमाने दाखवते. दूषित मजकूर डेटाबेसऐवजी एचटीएमएलमध्ये पोहोचला तर तोच माग क्रॉससाइट स्क्रिप्टिंग, म्हणजे पानात परकी स्क्रिप्ट घुसवू देणारा दोष, दाखवून देतो.

प्रत्यक्ष कोडमध्ये मात्र वाटा फुटतात. अटीच्या एका फांदीत माहिती तपासली गेली आणि दुसरीत तपासायची राहिली, तर फांद्या पुन्हा मिळतात तिथे ती दूषितच मानावी लागते. लूपमध्ये हीच माहिती फिरून फिरून येते, म्हणून टूल पुन्हा पुन्हा फेरी मारते आणि कोणत्याही खुणेत बदल होईनासा झाला की थांबते. या फेऱ्या नक्की थांबतात, हे ज्या गणिताने सिद्ध होते त्याची एकसंध मांडणी गॅरी किल्डॉल यांनी १९७३ मध्ये केली. हे काम मुळात कंपायलरसाठी झाले. कोड वेगवान करण्याकरिता कंपायलरलाही हेच प्रश्न पडत होते: ही किंमत पुढे कुठे वापरली जाते, ही आकडेमोड आधीच झालेली आहे का?

या क्षेत्रात महाराष्ट्र आणि हैदराबादमधल्या संशोधकांचे काम मोलाचे आहे आणि ते मराठी वाचकांपर्यंत पोहोचलेले नाही. आयआयटी मुंबईतील धनंजय ढमढेरे यांनी कंपायलरमधल्या अनावश्यक आकडेमोडी टाळण्याच्या पद्धतींवर दीर्घ काळ संशोधन केले. त्यातल्या काही पद्धतींत माहिती कोडच्या दिशेने पुढे आणि उलट मागे, अशी दोन्हीकडे वाहते. अशा विश्लेषणांनाही सामावून घेणारा सिद्धान्त उदय खेडकर आणि ढमढेरे यांनी १९९४ मध्ये मांडला. खेडकर यांनी पुणे विद्यापीठात शिकवले आणि पुढे ते आयआयटी मुंबईत गेले. अमिताभ सन्याल आणि बागेश्री करकरे यांच्यासह त्यांनी लिहिलेला डेटा फ्लो ॲनालिसिसवरचा ग्रंथ २००९ मध्ये निघाला. पुण्यातच टाटा समूहाने १९८१ मध्ये स्थापन केलेल्या टीआरडीडीसी या संशोधन केंद्रात गाड्यांसारख्या यंत्रांत बसवलेल्या कोडच्या तपासणीची टूल तयार झाली. हैदराबादजवळ आयआयटी हैदराबादमध्ये रामकृष्ण उपद्रष्टा यांच्या गटाने ‘एलएलओव्ही’ हे टूल बनवले. समांतर चालणारे दोन धागे एकाच जागी एकाच वेळी लिहू पाहतात का, हे ते प्रोग्राम न चालवता सांगते. यातले काहीच वेबसाठी म्हणून झालेले नाही. पण ईएसलिंटपलीकडची जी खोल टूल वेबवर वापरली जातात, ती याच गणितावर उभी आहेत.

या गणिताला एक भिंतही आहे. हेन्री राइस यांनी १९५३ मध्ये सिद्ध केले, की प्रोग्रामच्या वागणुकीविषयीचा क्षुल्लक नसलेला कोणताही प्रश्न सर्व प्रोग्रामसाठी अचूक सोडवणारी एकच रीत असू शकत नाही. म्हणजे प्रत्येक टूलला दोनपैकी एक चूक पत्करावी लागते. एकही दोष सुटू द्यायचा नसेल तर निर्दोष कोडवरही इशारे द्यावे लागतात. खोटे इशारे नको असतील तर काही खरे दोष सोडून द्यावे लागतात. विमानाच्या किंवा गाडीच्या ब्रेकच्या कोडसाठी पहिली चूक पत्करणे योग्य. रोज बदलणाऱ्या वेब ॲप्लिकेशनसाठी बहुतेक टूल दुसरी पत्करतात, आणि ते समजून घेऊनच ती वापरली पाहिजेत.

२०१४ च्या एप्रिलमध्ये याचा धडा मिळाला. ओपनएसएसएल या, लाखो वेब सर्व्हर ज्यावर अवलंबून होते त्या कोडमध्ये ‘हार्टब्लीड’ हा दोष उघड झाला. समोरच्याने सांगितलेली लांबी खरी मानून सर्व्हर आपल्या स्मरणातला भलताच भाग परत पाठवत होता. कव्हेरिटीसारखे नावाजलेले टूलही तो पकडू शकले नव्हते, कारण माहिती बाहेरून येते ती जागा त्याला ओळखता आली नाही. नंतर कव्हेरिटीने एक युक्ती केली. नेटवर्कवरून आलेल्या आकड्यांतल्या बाइटचा क्रम कोड उलटवतो. जिथे तसे उलटवणे दिसते तिथे माहिती बाहेरून आलेली माना. दोष सापडू लागला.

टूल चांगले असूनही लोक ते वापरत का नाहीत, या प्रश्नाचा अभ्यास हार्टब्लीडच्या वर्षभर आधी, २०१३ मध्ये, ब्रिटनी जॉन्सन आणि सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केला होता. खोट्या इशाऱ्यांची गर्दी आणि इशाऱ्याचा अर्थ नीट न सांगणारी भाषा, ही दोन मोठी कारणे प्रोग्रामरांनी दिली. पण या विषयातला सर्वांत बोलका अनुभव फेसबुकचा आहे. तिथे ‘इन्फर’ हे टूल आधी रात्री साऱ्या कोडवर चालवत आणि इशाऱ्यांची यादी प्रोग्रामरांना देत. दुरुस्तीचे प्रमाण शून्याच्या जवळ होते. मग तेच टूल, तेच इशारे, प्रोग्रामरने बदल परीक्षणासाठी पाठवला की त्या बदलापुरते दाखवायला सुरुवात झाली. दुरुस्तीचे प्रमाण ७० टक्क्यांच्या वर गेले. बदल झाला तो फक्त वेळेत. बदल करणाऱ्याच्या डोक्यात तो कोड त्या क्षणी ताजा असतो; चार आठवड्यांनी त्याला तो परका झालेला असतो. वेबच्या कोडसाठीही फेसबुकने ‘झोंकोलान’ हे टेंट ॲनालिसिसचे टूल बनवले, आणि ते १० कोटींहून जास्त ओळी अर्ध्या तासाच्या आत तपासते. गूगलमध्ये ‘ट्रायकॉर्डर’ या व्यवस्थेत नवी तपासणी घ्यायची तर प्रोग्रामरांना निरुपयोगी वाटणारे इशारे १० टक्क्यांच्या खाली हवेत, अशी अट आहे. तेव्हा एखाद्या टीमने महागडे टूल विकत घेऊन महिन्यातून एकदा अहवाल छापणे हा पैशाचा अपव्यय आहे, असे स्पष्ट म्हणता येते.

जुन्या ॲप्लिकेशनवर टूल पहिल्यांदा चालवले की हजारो इशारे येतात, आणि तिथेच बहुतेक प्रयत्न संपतात. सगळे एकदम दुरुस्त करायला घेणे धोक्याचेही असते, कारण चालू असलेल्या कोडला हात लागतो. व्यवहारात टिकलेली रीत अशी आहे: आजचे सगळे इशारे एका फायलीत नोंदवून ठेवायचे, तिला बेसलाइन म्हणतात; यापुढे फक्त नव्या इशाऱ्यांवर कोड अडवायचा. पीएचपीस्टॅन आणि साममध्ये ही सोय आहे. जुन्या फायलीत काही कारणाने काम निघाले की तिच्यातले इशारे त्याच वेळी कमी करायचे, आणि बेसलाइन वाढू द्यायची नाही. तपासणी तीन जागी ठेवतात: लिहिताना एडिटरमध्ये, कमिट करताना आणि सर्व्हरवर बदल एकत्र होताना. पहिल्या दोन सोयीसाठी असतात. बंधनकारक असते ती तिसरीच, कारण आपल्या संगणकावरची तपासणी कोणीही बंद करू शकतो. सुरुवातीला नियम मोजकेच ठेवावेत. मोकळ्या जागा आणि अवतरणचिन्हांवरचे वाद ‘प्रीटिअर’सारख्या टूलकडे सोपवले, म्हणजे माणसांनी करायच्या परीक्षणात खऱ्या प्रश्नांना वेळ मिळतो.

कधी इशारा खोटा असतो आणि तो दाबावा लागतो. त्या ओळीशेजारी दाबण्याचे कारण लिहिणे सक्तीचे केले पाहिजे. कारण नसलेला दाबलेला इशारा नंतर येणाऱ्याला काहीच सांगत नाही, आणि पुढे कोड बदलून तोच इशारा खरा ठरला तरी कळत नाही. गुंतागुंतीचे मोजमापही टूल देतात. टॉमस मकेब यांनी १९७६ मध्ये फंक्शनमधल्या स्वतंत्र वाटा मोजण्याची पद्धत दिली आणि १० ही सुचवलेली मर्यादा ठेवली. हा आकडा कुठे आधी पाहावे ते दाखवतो. त्यावर कोणाच्या कामाचे मूल्यमापन केले, की एका मोठ्या फंक्शनचे दहा अर्थहीन तुकडे होतात, आकडा सुधारतो आणि कोड बिघडतो.

एकदा सापडलेल्या दोषाची भावंडे, म्हणजे त्याच प्रकारचे इतर दोष, टूलने शोधणे हा नवा आणि फलदायी उपयोग आहे. २०१७ मध्ये अपाची स्ट्रट्स या, जावातल्या असंख्य वेब ॲप्लिकेशनच्या पायाशी असलेल्या फ्रेमवर्कमध्ये सेमल कंपनीच्या संशोधकाने अशाच विश्लेषणातून एक गंभीर दोष शोधला. बाहेरून आलेली माहिती वस्तूंमध्ये रूपांतरित होताना हल्लेखोर स्वतःचा कोड चालवू शकत होता. सप्टेंबरमध्ये दुरुस्तीसह तो जाहीर झाला. सेमलचे तंत्र पुढे गिटहबकडे गेले आणि ‘कोडक्यूएल’ या नावाने खुल्या प्रकल्पांना फुकट मिळते.

काही दोष मात्र टूलच्या नजरेत येत नाहीत. ‘अ’ने लॉगिन केले, पत्त्यातला क्रमांक बदलला आणि ‘ब’चे बिल उघडले, तर कोडच्या दृष्टीने सारे नीट घडले आहे. क्वेरी सुरक्षित आहे, प्रकार जुळतात. बिल कोणाला पाहता यावे हा नियम कोडमध्ये लिहिलेलाच नाही, आणि न लिहिलेला नियम टूलला वाचता येत नाही. सवलतीचा हिशोब चुकीच्या तारखेपासून लावला असेल तेही टूलला समजणार नाही. अशा दोषांसाठी माणसांनी केलेले परीक्षण आणि चालत्या ॲप्लिकेशनवरची चाचणी लागते. सरकारी वेबसाइट एनआयसी या सरकारी संगणक संस्थेच्या सर्व्हरवर ठेवण्याआधी सायबर सुरक्षा पाहणाऱ्या सर्ट-इनच्या यादीतल्या ऑडिटरकडून सुरक्षा तपासणी करून घ्यावी लागते, ती याच टप्प्यावर. इंजेक्शनसारखे दोष रोजच्या स्टॅटिक ॲनालिसिसमध्ये आधीच निघालेले असले, तर ऑडिटरचा मर्यादित वेळ अधिकार आणि हिशोब यांच्या तपासणीसाठी मोकळा राहतो.